टिंक्चरचे डाग

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली कुस्ती लढलो आणि हरलो नाही. याहून जास्त कुणाला काही सांगू नये, अशी घरातून ताकीद आहे. म्हणून सांगतो.

साठ-एकसष्टची गोष्ट. दक्षिण साताऱ्याला नुकतंच सांगली जिल्हा म्हणू लागले होते. जुन्याला नवं रूप देण्याचे ते दिवस, आणि मी साताऱ्याच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारी एक जुनी वस्तू होतो. अशात एका मासिकात वाचलं, की पन्नाशीनंतर पुरुषाच्या शरीरातले हार्मोन ओसरतात. मग थकवा येतो, विसर पडतो, चिडचिड वाढते.

"माझी चिडचिड वाढलीय का गं?" मी बायकोला विचारलं.

"वाढायला जागा कुठं होती?"

(हिच्याशी शास्त्रीय चर्चा होत नाही.)

मी गुपचूप सांगली गाठली. तिथल्या एका डॉक्टरांच्या पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब होत्या. त्यांनी दर रविवारी एक इंजेक्शन फर्मावलं. जागा कंबरेखालची, मागची. वर धुऊनही न जाणाऱ्या टिंक्चरचा बोळा फिरवून म्हणाले, "गुण यायला दोन महिने लागतील."

मला गुण एसटी स्टँडवरच आला! सुटलेल्या गाडीत मी उडी मारून चढलो. (कळ आली ती औषध मुरल्याची, असं मी ठरवलं.) घरी सांगितलं, संस्कृत सभेच्या बैठका आहेत, दर रविवारी.

चौथ्या इंजेक्शनच्या दुसऱ्याच दिवशी सासुरवाडीची, म्हणजे कुंडलची जत्रा आली. दरवर्षी कुस्त्यांच्या वेळी मी सासऱ्यांच्या सोप्यात झोपत असे. या खेपेला मात्र अंगात हार्मोन होते. फेटा बांधून मैदानात पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

तिथला रिवाज असा, की ज्याला जोड नाही त्यानं हात पुढे करून कडेनं फेरी मारायची. तो हात जो कुणी धरील, त्याच्याशी कुस्ती ठरली. हा रिवाज अख्ख्या मैदानात फक्त मला माहीत नव्हता. साठी उलटलेले तात्या पैलवान, सासऱ्यांचे जुने दोस्त, दर जत्रेला लंगोट लावून अशी एक मानाची फेरी मारत, आणि त्यांच्या वयाकडे बघून कुणी हात धरत नसे. हात माझ्यासमोर आला. मी उठलो, आणि सुशिक्षित माणसासारखा तो दोन्ही हातांनी धरून हलवला.

हलगी कडाडली!

"आरं, तात्याला जोड घावली!"

"जावईबापू उतरलं रं!"

शेजारी बसलेल्या मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. "दाजी, काय केलंसा हे?"

"हात मिळवला."

"आवं, ह्यो काय बक्षीससमारंभ हाय? आता उतरा. न्हाईतर गावात त्वांड दावाया जागा न्हाई आमाला!"

तरीही नकार देता आला असता. पण चार इंजेक्शनं गप्प बसू देईनात. मी कुणाचा तरी लंगोट मागून घेतला, धोतर सोडलं, आणि तेव्हा आठवलं. मागे चार रविवारचे चार तपकिरी डाग होते! मी खेकड्यासारखा तिरका चालत मैदानात शिरलो. पण आखाडा गोल असतो. पाठ नेमकी कुणाकडे करावी, हा प्रश्न तिथं सुटत नाही.

"जावईबापूंना काय चावलंया गा?"

"साताऱ्याची ढेकणं असतील! लय मोठी असत्यात!"

आता तात्या उचलून आपटणार, आणि सासऱ्यांच्या गावात माझं उरलंसुरलं नाव मातीत जाणार. आम्ही खांद्याला खांदा भिडवला. तात्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"सांगलीचा डाक्टर का?"

मी वाकून पाहिलं. त्यांच्या मागच्या बाजूला चोपडलेल्या तांबड्या मातीखालून तसेच डाग डोकावत होते!

"तुम्ही पण?"

"हळू बोला. आदी माती लावायची की, मास्तर! डावीकडं हात घालू नगा, लय ठणकतंय."

"माझ्या उजवीकडं नको."

"गुण हाय का?"

"तुम्हाला?"

"काल माडी चढलो."

"आणि?"

"पोरांनी उतरवलं."

यानंतर जे झालं त्याला कुस्ती म्हणणं धाडसाचं होईल. तो दुखरा भाग चुकवत आम्ही एकमेकांना जपून धरलं आणि हळूहळू गोल फिरू लागलो.

"आरं, कुस्ती हाय का लगीन?" लोक ओरडू लागले. अखेर पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि दोघांच्या हातात एकेक नारळ ठेवला. तात्यांसमोर टिकलेला जावई म्हणून मेहुण्यानं मला खांद्यावर घेतलं. घेताना हात नेमका उजवीकडे लागला, आणि मी जी आरोळी ठोकली ती गावानं विजयाची मानली.

सासऱ्यांच्या घरी बातमी माझ्याआधी पोचली होती, डागांसकट. बायको तव्यावर मीठ गरम करत बसली होती.

"पालथं पडा," ती म्हणाली. मग मिठाची पुरचुंडी दाबत म्हणाली, "संस्कृत सभेची बैठक एवढी टोचते, हे ठाऊक नव्हतं."

मी उशीत तोंड खुपसलं.

"पुढचं इंजेक्शन आपलं दंडात घ्या. गावानं बघितलं तरी चालेल."

पहिल्याच दिवशी मीही डॉक्टरांना हेच सुचवलं होतं. त्यांनी माझा दंड दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, "सर, इथं सुई पलीकडून बाहेर येईल."