गुडघ्याखालचा अग्रलेख

विद्यापीठाच्या चॅपलमध्ये हल्ली कुणी गुडघे टेकत नाही, असा जळजळीत अग्रलेख आम्ही जुन्या वळणाच्या कॅथलिक विद्यार्थ्यांनी आमच्या स्वतंत्र पेपरात छापला. दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्याला कुणी हात लावेना, अगदी फादरसुद्धा. अरे, निदान चिडून फाडा तरी!

आज एका मुलीने अंक उचलला. मी श्वास रोखला. तिने तो न वाचताच धुळकट लादीवर पसरला, त्यावर गुडघे टेकले आणि रडू लागली. "पप्पांना वाचव, प्रभू."

"आपला पेपर तुडवतेय ती," उपसंपादक एल्विन पुटपुटला.

"गप रे."

माणसाचे गुडघे अग्रलेखाने कधी वाकतात का? ती गेली. कागदावर दोन खळगे उरले. श्रद्धा बुडाली म्हणून कोकलणारे आम्ही दोघे उभेच होतो.