आक्काच्या उखळातली गादी

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. आणि आक्काला — तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही निपाणीला जाऊन तिच्या कानावर घालणार नाही, म्हणून असेल.

आक्का माझी थोरली बहीण. ती लग्न होऊन निपाणीला गेली, मी बेळगावातच राहिले. झाडांचं वेड मला. फुलांच्या प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारी मी. आक्काच्या दारात साधी तुळस टिकायची नाही, आणि त्यावरून मी तिला आयुष्यभर चिडवलं. ती नुसती हसायची. फार गुणाची आहे हो माझी आक्का.

तिचा एकुलता एक सागर स्कॉटलंडला नोकरीला. एका दिवाळीत तो तिकडच्या आर्मेरियाच्या बिया घेऊन आला. थंड हवेतलं, समुद्राकाठच्या खडकांत वाढणारं झाड — झाड कसलं, बारीक गवतासारख्या पानांची गोल, घट्ट उशीच ती, वर्षानुवर्षं जगणारी. निम्म्या बिया आईला, निम्म्या मला. मी पुस्तकं वाचली, वाळू चाळली, खडेबाजारातून महागाच्या कुंड्या आणल्या. रोपं आली आणि उन्हाळ्यात वाळून गेली. आणि आक्कानं काय केलं? एक फुटकं दगडी उखळ घेतलं, शेजारच्या बांधकामावरची खडी न् वाळू भरली, घरामागच्या सावलीत बिया टाकल्या. निपाणीत नळाला रोज पाणी येतंय कुठं? त्यामुळं झाडालाही कधीतरीच. आणि ते जगलं! उखळाच्या काठापर्यंत फुगलं. ती त्याला ‘गादी’ म्हणायची. सकाळचा चहा घेऊन तिथं बसायची, त्यावरून हात फिरवायची. “सागरच्या गावाकडचं हाय,” म्हणायची.

दुसऱ्या वर्षी चैत्रात ते फुललं. देठांवर गुलाबी गोंडे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका उखळाभोवती गोळा झाल्या. एकजण मला म्हणाली, “शालनताई, हात तर थोरलीचा हाय की!” सगळ्या हसल्या. मीही हसले. पण लागलं मला. बहिणीचं कौतुक ऐकून पोटात दुखावं — एवढी कशी मी हलकी?

पावसाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला.

“शालन, गादी मधी जरा पिवळी पडलीया गं. काय करू?”

मला माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं. वाळकी पानं काढायची, पावसाचा मार चुकवायचा, बाकी हात लावायचा नाही. खत आणि पाणी म्हणजे या झाडाला विषच.

मी म्हणाले, “भूक लागली असंल त्याला. चांगलं शेणखत घाल आक्का, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी दे.”

“एवढंच व्हय? घालतो की.”

शेजारणीच्या गोठ्यातनं पाटी भरून खत आणलं तिनं. नळ आला नाही त्या दिवशी प्यायच्या घागरीतलं पाणी घातलं. फोन करून हे सगळं ती मला हौसेनं सांगायची. आणि मी? मी ‘बरं’ म्हणायचे. एकदा तरी ‘थांब’ म्हणता आलं असतं — नाही का? गादी मधोमध कुजली. आक्कानं हात फिरवला तर हातातच सुटून आली.

मी भेटायला गेले तर तीच माझी समजूत काढत बसली. “तू बरोबरच सांगितलं हुतंस. माझ्याच हातात न्हाय गं काय.” तिचा चहा मी प्याले. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

त्यानंतर आक्कानं काहीही लावलं नाही. उखळ पालथं घातलंय. त्यावर बसून ती माझ्याशी फोनवर बोलते.

यंदा सागर परत आला, पुन्हा त्याच बियांची पुडी घेऊन. आक्कानं ती उघडलीसुद्धा नाही. एसटीनं बेळगावला आली, पदराची गाठ सोडली आणि पुडी माझ्या हातावर ठेवली.

“तू लाव. तुझ्याकडं जगंल. माझ्याकडं नको — परत मारतो मी.”

मी पुडी घेतली. ‘बरं’ म्हणाले.