खोली बदलावी लागली

हिवाळ्यात बायको फुसाए गेली आणि तेव्हापासून तोकुजी प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणू लागला. भात गार झाला तरी चालेल, सूप खारट झालं तरी चालेल. मुलगी चिगुसा कावासाकीहून आली आणि म्हणाली, "बाबा, पाहुणघर बंद करू या. एकट्याच्यानं नाही होणार तुमच्या." त्यालाही तो चालेल म्हणाला. मग घराला गिऱ्हाईक आलं. त्यांना ते जुनं लाकडी घर पाडून नवं बांधायचं होतं. तेही चाललं. दुःख होतंय का, असं तो कधीकधी स्वतःला विचारायचा. अंगाखाली दबून मुंग्या आलेल्या हातासारखं आत काहीतरी जड होतं, एवढंच.

कामाकुराच्या समुद्राकाठी त्या दोघांनी उभा जन्म ते पाहुणघर चालवलं. चारच खोल्या, आणि सकाळी भातावर उकडलेली बारीक पांढरी मासळी. देवळं बघायला येणारी माणसं फोन करून विचारायची, "कुठे उतरावं हो?" तोकुजी उलट विचारायचा, "समुद्र हवा की देऊळ?" समुद्र हवा असेल तर आमच्याकडे या, पण वाळत घातलेल्या कपड्यांवर मीठ बसतं आणि हातातला खाऊ घारी पळवतात. देऊळ हवं तर डोंगराच्या कुशीत उतरा, शांत आहे, पण गाद्यांना बुरशी येते. फुसाए आतून ओरडायची, "अहो, गिऱ्हाईक आणताय की हाकलताय?"

कधी चुकून एकच खोली दोघांना दिली जायची. मग तोकुजी पाहुण्याची बॅग स्वतः उचलून दुसऱ्या पाहुणघरी पोचवायला जायचा आणि वाटभर माफी मागायचा.

आता जागा त्यालाच शोधायची होती. चिगुसाच्या घरी तिचीच माणसं कशीबशी मावत होती, आणि बाबांना गाव सुटणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. जागा दाखवायला ओनुकी होता. लहानपणी पाहुणघराच्याच अंगणात चेंडू खेळून त्याने तोकुजीच्या काचा फोडल्या होत्या.

"खरं सांगू का काका, एकटा म्हातारा म्हटलं की मालक दार लावून घेतात," तो म्हणाला. "तुम्ही जरा तरुण असता ना..."

"तर मला खोली कशाला लागली असती?"

शेवटी समुद्राकडच्या नव्या इमारतीतला एक मालक तयार झाला. लिफ्ट होती, खिडकीतून पाणी दिसत होतं. चिगुसाचा जीव भांड्यात पडला. "बाबा, लाटांचा आवाजसुद्धा येतोय बघा!"

"चालेल," तोकुजी म्हणाला. तो गॅलरीत गेला आणि मान वर करून छताकडे बघत राहिला. "कंदील कुठे टांगायचा?"

"बाहेर काही टांगायला बंदी आहे, काका. वारा सुटला की कुणाच्या तरी डोक्यात पडायचं."

चिगुसाचा चेहरा उतरला. ती विसरलीच होती. उन्हाळ्यात ओबोनचे दिवस येतात, तेव्हा गेलेली माणसं घरी परततात. जुन्यांना वाट पाठ असते. पण यंदा फुसाएचं पहिलंच येणं. नव्या माणसासाठी घराच्या वळचणीला पांढरा कंदील लावावा लागतो, नाहीतर तिला घर कळणार कसं?

"आत लावू ना, बाबा. हल्ली बॅटरीचेही मिळतात, छान असतात."

"नाही चालणार."

ओनुकी हातातल्या किल्ल्यांकडे बघू लागला. शब्द तोकुजीच्याच तोंडून आले होते, पण त्यालाही ते दुसऱ्या कुणाचे वाटले.

मग राहिली एकच जागा, डोंगराच्या बाजूला, देवळामागच्या गल्लीतली. मित्सु नावाची म्हातारी आपल्याच घरातली मागची खोली भाड्याने देत होती. खोलीत ओल होती, कौलांवर खारी नाचत होत्या. मित्सुने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझ्या घरात मरायचा विचार नाही ना?"

"आजी!" ओनुकी कळवळला.

"सांगता येत नाही, बाई," तोकुजी म्हणाला.

"मी तुमच्यापेक्षा थोरली आहे. माझा नंबर आधी. मध्ये घुसायचं नाही."

तोकुजी वळचणीकडे बघत होता. तिथे एक गंजका खिळा होता.

"आमच्या ह्यांचा कंदील त्यालाच लावला होता," मित्सु म्हणाली. "खिळा काढायचा राहून गेला. तुमचं कोण?"

"बायको. यंदा पहिलं वर्ष."

"मग खिळा घट्ट आहे का ते बघून घ्या."

त्याने खिळा ओढून पाहिला. घट्ट होता.

ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी तोकुजी फुसाएला आणायला समुद्राजवळच्या देवळात गेला, तिथल्या आवारात तिची कबर होती. कबरीपुढच्या मेणबत्तीवरून त्याने हातातला कंदील पेटवला आणि पूर्वी स्टेशनवरून पाहुण्यांना आणायचा तसा, मागे न बघता, बेताने चालू लागला. थांबला तेव्हा समोर निळी ताडपत्री होती. पायांनी त्याला जुन्या घरी आणलं होतं. ताडपत्रीमागे नुसती माती.

तिलाही त्याने इथवर आणलं होतं. मग पाहुण्यांना म्हणायचा तेच तोंडात आलं.

"माफ करा हं," तो कंदिलाला म्हणाला, "खोली बदलावी लागली. इथून लांब नाही. जरा चढ आहे."

वाटेत तो ओलीबद्दल बोलला, खारींबद्दल बोलला. समुद्राचं मीठ तिथवर येत नाही, कपडे मऊ राहतात, हेही सांगितलं. मनात काही हललं नाही. दोनदा वारा आला, तेव्हा मात्र त्याने कंदील छातीशी धरला.

मित्सु दारात बसली होती. "आल्या का?"

"ठाऊक नाही."

त्याने दाराशी ठेवलेला पांढरा कंदील घेतला, हातातल्या ज्योतीवरून पेटवला आणि खिळ्याला अडकवला.

"काही बोलल्या का वाटेत?"

"नाही." तोकुजी पायरीवर बसला. "गिऱ्हाईक हाकलताय का, असंसुद्धा नाही म्हणाली."

"मग आवडली असेल जागा," मित्सु म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.