एकशे साठ, एकाच वाडग्यात

अर्लीन बाउअरच्या कोटाच्या आत हिवाळाभर स्वयंपाकाच्या तेलाची बाटली असे. पाठीवर गार तेल पडलं की गोऱ्हा उसळतो आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर नुसता धुरळा दिसतो, म्हणून ते अंगाच्या उबेत ठेवायचं. पश्चिम कॅन्ससमधल्या गुरं पोसण्याच्या यार्डांतून ती अकरा वर्षं हे मशीन घेऊन हिंडत होती. गोऱ्हा खोड्यात घ्यायचा, बरगड्यांवरचे केस भादरायचे, तेल ओतून चरबी किती चढली ते बघायचं आणि सांगायचं: हा आत्ता विका, ह्याला महिनाभर खाऊ घाला, ह्याला दोन महिने. इतकी सरळ गोष्ट, पण ती लोकांना पटवताना तिच्या नाकी नऊ येत. ‘मुलगा की मुलगी?’ हा विनोद तर प्रत्येक यार्डात कोणीतरी करायचाच, आणि आपणच पहिल्यांदा केला अशा थाटात.

जानेवारीत एका यार्डाचा मॅनेजर डॉयल पेनर याने एकदाची संधी दिली. एमिट डर्क्स नावाच्या म्हाताऱ्याने तिथे पोसायला ठेवलेले एकशे साठ गोऱ्हे तपासायचे. जमलं तर अख्ख्या यार्डाचं काम तिचं, नाही तर मशीन घरी. दोन दिवस बोटं बधिर होईपर्यंत राबून तिने तीन गट पाडले. जागा होती तशी त्यांना यार्डाच्या तीन टोकांना, कुंपण घातलेल्या वाडग्यांत घातलं. मंगळवारी येऊन बघते तर सगळे पुन्हा एकाच वाडग्यात.

“म्हातारा रविवारी चर्चमधून आला आणि भडकला,” डॉयल म्हणाला. “म्हणे, माझी गुरं एकत्र करा. गुरं त्याची, मी काय बोलणार?”

“मग मला कशाला बोलावलंस?”

एकशे साठ गोऱ्हे एकाच दिवशी कत्तलखान्यात गेले. तिकडून अहवाल आला: काही चरबीने नको इतके माखलेले, काही हाडकुळे, भाव पडला. आठवड्याभरात कॉफीच्या टेबलांवर एकच गोष्ट चघळली जाऊ लागली, की अर्लीनच्या मशीनने डर्क्सला बुडवलं. कानातल्या बिल्ल्यांचे नंबर तिच्या यादीशी जवळपास सगळे जुळत होते. तिने थांबवायला सांगितलेलेच हाडकुळे निघाले होते. डॉयलने यादी हातातसुद्धा घेतली नाही. लोकांना निकाल दिसतो, कागद नाही, असं म्हणून त्याने तिचं काम बंद केलं. अर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी ती थेट यार्डात गेली. डर्क्सची पिकअप कुंपणाशी उभी होती, कुंपणाच्या आत नवी वासरं आली होती, आणि म्हातारा गाडीत बसूनच बोटाने हवेत टिचक्या मारत मोजत होता. तिने खिडकीतून यादी पुढे केली. त्याने ती वाचली, अगदी शेवटच्या नंबरापर्यंत.

“तुझं बरोबर होतं,” तो म्हणाला. “मला तेव्हाच माहीत होतं.”

“मिस्टर डर्क्स, मग ते एकत्र का करायला लावलेत? माझं काम गेलं त्यात.”

त्याने बोट वासरांकडे केलं.

“मला मोजायचे असतात, पोरी. एका जागी असले की मोजता येतात. तीन जागी असले, की तिसऱ्यापाशी पोचेपर्यंत पहिल्याचा आकडा डोक्यातून जातो.” त्याने यादीची नीट घडी करून परत दिली. “डॉयलला सांगू नकोस. तो माझ्या मुलाला सांगेल, आणि मुलगा गाडीची किल्ली काढून घेईल.”

अर्लीनला त्याचा राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे कळेना म्हणून आणखी आला. तीन वाडगी शेजारीशेजारी मागितली असती तर? पण म्हाताऱ्याला का ते कोणी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही नाही.

“एकशे अठ्ठेचाळीस,” म्हातारा म्हणाला. “बरोबर ना?”

फाटकावरच्या पाटीवर खडूने एकशे बावन्न लिहिलं होतं. यादी तिने कोटात, तेलाच्या बाटलीशेजारी कोंबली.

ऑफिसच्या दारात डॉयल उभा होता. “काय म्हणतोय म्हातारा? वासरं मोजली?”

“मोजली.”

“किती भरली?”

“एकशे बावन्न,” अर्लीन म्हणाली, आणि ऑफिसात राहिलेलं मशीन गाडीत ठेवून घरी गेली.