हरसिद्धीच्या पायरीवर

त्या वर्षी देवीवरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आज कबूल करते. माझी एकुलती एक लेक मृणाल लग्न होऊन कॅनडाला गेली आणि वर्षभरात तिचे फोन कमी होत गेले. एका दुपारी ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, तो मारतो गं." आणि मी काय म्हणावं? "थोडं निभावून घे बेटा, होईल ठीक." माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं, आणि मी जन्मभर निभावलं होतं.

फ्रीगंजच्या घरात जीव लागेना. संध्याकाळी ऑटो करून हरसिद्धी देवीच्या देवळात गेले. लहानपणी बाबांचं बोट धरून इथे यायचे. दीपमाळेवर सरसर चढून दिवे लावणारी माणसं बघताना श्वास रोखून धरायचे. "पडणार नाहीत, देवी बघतेय," बाबा म्हणायचे. त्या दिवशी मात्र दिव्यांकडे बघवेना. पायरीवर बसून रडत राहिले.

शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. "क्या हुआ, दीदी?" घरचं कधी बाहेर न बोलणारी मी सगळं सांगून बसले. कॅनडाचं नाव ऐकताच त्या माझ्याकडे वळल्या.

"मैं बरसों वहीं थी. मार खाई हुई औरतों के आश्रयघर में दुभाषिया. वहाँ अभी सुबह है, बिटिया को फोन लगाइए."

लेकीला फोन लावला; तिचा नवरा कामावर गेला होता. बाईंनी मृणालला मदतीचा नंबर दिला, तिथे हिंदी बोलणारं कोणी मागता येतं हे सांगितलं, पासपोर्ट जवळ ठेवायला लावला. मग फोन माझ्या हाती दिला. मी म्हणाले, "सोसू नकोस. नीघ तिथून."

"खरंच, आई?" ती रडतच म्हणाली. अजून ऐकू येतं ते.

त्याच दिवशी ती बाहेर पडली. तिकडच्या आश्रयघराने तिला ठेवून घेतलं, वकील दिली. इकडची कागदपत्रं इंदूरच्या एका महिला संस्थेने जमवली. एकमेकींना कधी न भेटलेल्या दोन देशांतल्या बायकांनी माझी लेक हातोहात सांभाळली. आज ती तिथेच शाळेत शिकवते, मोकळं हसते. त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलंच. नंतर कितीदा शोधलं, भेटल्या नाहीत.

मुकाट सोसण्यालाच मी इतकी वर्षं देवीला शरण जाणं समजत होते. तिने माझ्या तोंडून 'नीघ' हा एक शब्द वदवून घेतला आणि पुढचं सगळं स्वतःकडे घेतलं. हे उमगायला माझी साठी उलटली. तरी तिने माझी वाट पाहिली, तिचे हे उपकार कसे फेडू?