कोरडा कुटलेला अभ्रक

दुपारचे अडीच. कूलर घरघरतोय, वाळ्याचा ओला वास येतोय, आणि मी दिवाणावर डोळे मिटून पडल्या पडल्या भांडतेय. कोणाशी? त्या दीडशहाण्या मंडळींशी! तीस वर्षांपूर्वी मी काळ्या अभ्रकातलं लोखंड मोजलं. अभ्रकात लोखंड दोन रूपांत असतं, फेरस आणि फेरिक. फेरसला हवा लागली की त्याचं फेरिक होतं. कोणतं किती, ते मॉसबाउअर यंत्र सांगतं. नमुन्यातून गॅमा किरण सोडायचे, आलेखात खड्डे पडतात. फेरसचे लांब लांब, फेरिकचे जवळ जवळ. माझ्या आलेखात फेरिक भरपूर निघालं, पेपर गाजला, मला नोकरी लागली. आता ही मंडळी त्याच खाणीतला अभ्रक मोजून म्हणतात, फेरिक निम्मंसुद्धा नाही, बाईंचा नमुना कुटतानाच बिघडला. वर नियतकालिकाला माझा खुलासा हवाय, आज पाचच्या आत.

खुलासा लिहून झालाय. ‘प्रयोगशाळेतील परिचराच्या निष्काळजीपणामुळे नमुना कोरडा कुटला गेला.’ एवढंच वाक्य. परिचर जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांना आता काय फरक पडतो? डोळा लागला तर लागला, उठल्यावर पाठवीन.

“काहून लिवलं ताई असं?”

कूलरशेजारी नत्थूजी उभे आहेत. आमच्या लॅबचे परिचर. दगड फोडण्यापासून खलात कुटण्यापर्यंत सगळं तेच करायचे. अंगात तोच खाकी सदरा. मी दचकत नाही, मला रागच येतो.

“तुम्ही गेलात ना हो? मग?”

“गेलो. पन निष्काळजी होऊन नाही गेलो.”

मी उठायला पाय खाली सोडते तर खाली लॅबची थंडगार फरशी. दिवाणाच्या जागी ओटा आहे, ओट्यावर अकीक दगडाचा खल. कूलर मात्र इथेही घरघरतोय.

“हे बघा नत्थूजी, कुटलं कोणी? तुम्ही. माझा हात लागला होता का त्याला?”

“कुटलं म्याच. कोरडं कुटा म्हनून कोनं सांगतलं?”

मी आवाज चढवते. गप्प बसले की हरल्यासारखं होतं, माझा स्वभावच तसा. “ओलं कुटायला लागतं ते ॲसिटोन संपलं होतं! मार्च अखेर, स्टोअर बंद. यंत्रावर मला चार दिवस मिळाले होते, सहा महिने थांबून मिळाले होते. मी काय करायला हवं होतं?”

“थांबाले पायजे होतं.”

“सोपं आहे हो म्हणायला!”

“मी थांबलो होतो ना. खल पालथा घालून बसलो होतो. कोरडा अभ्रक लवकर फुटत नाही, वाकते, निसटते. मंग जोर लावा, घासत बसा, गरम होते ते. गरम झालं का हवा खाते. दोनदा सांगतलं तुमाले.”

दोनदा सांगितलं होतं. दहावी नापास माणूस मला ऑक्सिडेशन शिकवतोय म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती आत्ताही जाते. मी वळून खिडकीकडे बघते. खिडकीबाहेर खाण आहे, काळी, चकाकणारी, आणि तिच्या उतारावर माझाच आलेख खणलेला आहे. दोन खड्डे, जवळ जवळ. कोणीतरी त्यातली माती अजून उपसतंय आणि खड्डे खोल होत चाललेत. मी खिडकी लावायला जाते तर ती लागत नाही.

“बसा,” नत्थूजी म्हणतात. “कुटा.”

“मी?”

“मंग कोन?”

मी बत्ता हातात घेते. नत्थूजी ड्रॉपरने ॲसिटोन सोडतात. बोटांवरून गार ओघळ जातात आणि क्षणात उडून जातात. अभ्रकाचे पापुद्रे घसरतात, बत्त्याखालून सुटतात. मनगट भरून येतं. कुटून कुटून मी वैतागते.

“झालं का?”

“सुकू देऊ नका. हलक्या हातानं.” ते पुन्हा थेंब सोडतात. “मी तीन तीन तास कुटत होतो. त्या दिवशी बाराव्या मिनिटाले तुमी आल्या अन् म्हनल्या, झालं का.”

“बरोबर आहे, म्हणाले असेन.”

“अजून काय म्हनल्या?”

“आठवत नाही.”

“आठवते.”

आठवतं. चांगलं आठवतं. बाहेरचे खड्डे आता लॅबच्या फरशीवर आलेत, माझ्या स्टुलाच्या दोन बाजूंना. कोणीही ढकलत नाहीये, तरी स्टूल हलतंय.

“म्हणाले होते,” मी ओरडतेच, “की तुमचं काम कुटायचं आहे, विचार करायचं नाही! झालं समाधान?”

“नाही झालं.”

नत्थूजी ड्रॉपर ठेवून देतात. चिडलेत ते. लॅबमध्ये इतक्या वर्षांत त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. म्हणजे चिडत असतील, मी पाहिलं नव्हतं.

“तुमी बोलल्या ते मी गिळलं. माझा काही वाद नाही त्यावर. पन माझी रंजना केमिस्ट्री शिकवते ताई, ज्युनिअर कॉलेजात. पोराईले सांगते, हा नमुना माझ्या बाबानं कुटला. तिले इंग्रजी वाचता येते.”

मला काहीतरी बोलायचं आहे, ‘तिला कोण दाखवतंय’ असं काहीतरी, पण तोंड उघडलं तर कूलरचीच घरघर बाहेर पडते.

चार वाजून दहा मिनिटं. मी दिवाणावर आहे, मान अवघडलीय, घसा कोरडा. आधी मला संतापच येतो. स्वप्नं बिप्नं गेली उडत! ज्या माणसाने मला आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नाही, तो मेल्यावर येऊन हिशेब मागतोय? मी तरातरा उठते, लॅपटॉप उघडते. तो खुलासा समोरच आहे. पाठवायला बोट पुढे करते.

बोटाचं नेलपॉलिश गेलंय.

परवा पुतणीने तिच्या साखरपुड्याला हट्ट करून माझ्या दहाही नखांना गडद मरून लावलं होतं. जेवताना होतं, मीच कौतुकाने बघत होते. डाव्या हाताच्या पाचही नखांवर अजून आहे. उजव्या हाताच्या अंगठ्याचं, तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं साफ गेलंय, ॲसिटोनने पुसावं तसं. नखांभोवतीची कातडी पांढरी, कोरडी पडलीय. माझ्या घरात ॲसिटोन नाही, रिमूव्हर नाही, काही नाही. बत्ता धरतात तीच तीन बोटं.

मी ‘निष्काळजीपणा’ खोडते. सगळं वाक्यच खोडते. नवीन वाक्यात त्यांचं नाव घालायला जाते तर लक्षात येतं, मला ते पूर्ण माहीतच नाही. चौदा वर्षं एका लॅबमध्ये होतो. मला लाज वाटते, आणि लाजेचाही रागच येतो.

फोन लावते.

“रंजना, तुझ्या बाबांचं पूर्ण नाव काय गं?”

“मॅडम? नत्थू तर घरचं नाव. कागदावर दयाराम. दयाराम सोमाजी निखाडे. कशाला?”

“छापायचंय.”

मी टाइप करते आणि तिला मराठीतून वाचून दाखवते. ‘नमुना कोरडा कुटण्याचा हुकूम माझा होता. कै. दयाराम सोमाजी निखाडे यांनी दोनदा नकार दिला होता. त्यांचं बरोबर होतं, माझा निष्कर्ष चुकीचा होता.’

“अजून एकदा वाचा, मॅडम,” रंजना म्हणते.