शेजारच्या सीटवरचे मास्तर

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला रस्त्यातून बाजूला व्हायला. शिकाऊ गाडीत त्यांची जागा कायम शेजारच्या सीटवर. तिथे त्यांच्या पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक असे. त्या ब्रेकवर पाय ठेवून ते ओरडत, "मागे बघ! आरसा काय भांग पाडायला दिलाय?" स्टिअरिंग मात्र त्यांनी वर्षानुवर्षं हातात धरलं नव्हतं. एकट्यानं गाडी चालवायची त्यांना भीती वाटे, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा कळू दिली नव्हती.

मास्तर निवृत्त झाले, तेव्हा परगावच्या लेकीनं हौसेनं दोघांसाठी चार दिवस कॅराव्हॅन ठरवून टाकली. आत पलंग, ओटा, बेसिन, सगळा संसार चाकांवर. मास्तरांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणत, कारण त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. पुस्तकातल्या चित्रावर पट्टी टेकवून त्यांनी कितीतरी मुलांना एक किल्ला दाखवला होता आणि स्वतः तो कधीच पाहिला नव्हता. "तेवढा किल्ला बघू या हो," त्या म्हणाल्या. आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

निघताना मास्तर किल्ली घेऊन ऐटीत चढले ते थेट शेजारच्या सीटवर. पट्टा लावला, आरसा नीट केला आणि म्हणाले, "हं, काढा गाडी!" सवयीपुढे शहाणपण चालत नाही. मग घसा खाकरत, "सीट तपासत होतो," असं म्हणून ते पलीकडे सरकले.

पहिला दिवस सपाट रस्त्यावर निभावला. सायकलवाले पुढे जात होते आणि वळून वळून बघत होते. तलावाकाठी मुक्कामाला गाडी थांबली तेव्हा मास्तरांचा जीव भांड्यात पडला. उभी गाडी त्यांना फार आवडायची.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना किल्ल्याचा चढ लागला. दरवाजा पाचला बंद होतो, अशी पाटी पायथ्यालाच होती, आणि पाच वाजायला फार वेळ उरला नव्हता. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. मास्तरांनी ती सुरू केली. ती गुरगुरली, मागे घसरली आणि पुन्हा बंद पडली. आतलं कपाट उघडून पातेली खणखणत खाली आली. मागे लागलेल्या रांगेतून हॉर्नचा नुसता कल्लोळ. 'हाफ क्लच, हाफ क्लच' करत जन्मभर दुसऱ्यांचं डोकं पिकवणाऱ्या मास्तरांना स्वतःला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

"सरका," बाई म्हणाल्या.

"अगं, तुला कुठे येतं..."

"सरका म्हटलं ना! दरवाजा बंद होईल."

मास्तर सरकले. बाईंनी आरशात पाहिलं, गाडी सुरू केली, आणि ते एवढं मोठं धूड तसूभरही मागे न जाता वर निघालं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते, ते वर पोचल्यावरच उघडले. पहारेकरी दरवाजा लोटतच होता. बाईंनी खिडकीतून त्याला असा आवाज दिला, की तो वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा मुकाट्यानं बाजूला झाला.

"चित्रात एवढासा दिसायचा हो," बुरुजावर उभ्या राहून बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मास्तर मात्र अजून त्या चढावरच अडकले होते.

"कुठे शिकलीस?"

"तुमच्याच गाडीत. रविवारी दुपारी तुम्ही घोरायला लागलात की निघायचे."

"आणि लायसन्स?"

"पर्समध्ये आहे. दोनदा नवं करून झालं."

"शेजारी कोण बसायचं?"

"कोणीच नाही."

मास्तर तटाच्या दगडावर मटकन बसले. "मला भीती वाटते गं, एकट्यानं चालवायची," ते म्हणाले.

"माहीत आहे मला. उगीच का मी एवढी वर्षं कुठे जायचं नाव काढलं नाही?"

आपण लपवत राहिलो आणि ही सांभाळून घेत राहिली, या विचारानं मास्तरांना लाज वाटली, भरूनही आलं. मग ते म्हणाले, "लेकीला फोन लाव. म्हणावं, गाडी अजून आठवडाभर हवी आहे."

"आणि चालवणार कोण?"

"तू. आणि मी ओरडलो तर रस्त्यात उतरवून टाक."